खांद्याला बसली ती आपली

कोठारातले उंदीर मारायला आणि रविवारी निशाणा साधायला छर्‍याची बंदूक हवी, म्हणून मी जळगावच्या दुकानात गेलो. दुर्बीणवाली काळीकुळकुळीत बंदूक बघून हरखलोच!

छर्‍यांची डबी घेऊन शेजारी उभे असलेले एक टोपीवाले आबा म्हणाले, "डोया मीच भाऊ. खांद्याले लाव. आते उघाड."

मी डोळे मिटून ती काळी बंदूक खांद्याला लावली. डोळे उघडले, तर नेम पंख्यावर! मग त्यांनी साधी लाकडी बंदूक पुढे केली. या वेळी नेम थेट भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या लाल तारखेवर! अंगावर काटाच आला.

"हाई तुनी शे."

"आणि तुमची, आबा?"

"मनी आते नातना खांद्याले शे. काल ती निशाणबाजीमा पहिली उनी!"

त्यांच्या कापऱ्या हातात छर्‍यांची डबी खुळखुळत होती.