येऊ का?

गिरगावात आमच्या घरी विचारल्याशिवाय कुणी कुणाकडे जात नसे. सख्ख्या मावशीकडे जायचं तरी आई आधी फोन करून ‘येऊ का?’ विचारायची. आमच्या लेखी तो समोरच्याचा मान होता. कॉलेजात मला लालबागच्या चाळीतली एक मैत्रीण मिळाली. तिच्याकडे दार दिवसभर उघडंच. मी उंबऱ्याशी थबकले की तिची आई आतून ओरडायची, “गो, भायर कित्याक? भितर ये!” वर मैत्रीण टोमणा मारायची, “मॅडमना पत्रिका पाठव गं.” ते घर मला माझ्या घरापेक्षा जास्त आवडायचं. हे मी आईला कधी सांगितलं नाही.

आम्ही दोघी नोकरीला लागलो आणि पुढे तिची आई गेली. बातमी कळली तेव्हा मी ऑफिसात रडले, आणि मग सवयीनं मेसेज टाकला, ‘तुला सोयीचं असेल तेव्हा येऊ का?’ तिचं उत्तर आलं, ‘बघ तुझं तू.’ मी मूर्ख. मला वाटलं, तिला एकटं राहायचंय. तिला त्रास नको म्हणून तेराव्यापर्यंत थांबले, मग महिनाभर थांबले. नंतर तिनं माझे फोन उचलणं बंद केलं.

दोनेक वर्षांनी दादरच्या फुलबाजारात तिची वहिनी भेटली. “तेरा दिवस दाराकडे बघत होती हो ती,” वहिनी म्हणाली. “सगळी चाळ न बोलावता आली. तुम्हीच तेवढ्या विचारत बसलात.” तोंड दाखवायची हिंमत व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर चाळ पडून तिथं टॉवर उभा राहिला.

गेल्या महिन्यात कुणालाही न विचारता सरळ गेले. खाली वॉचमननं अडवलं, इंटरकॉम लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. आता ही मला फाडून खाणार, असं वाटलं. खरं सांगायचं तर तिनं भांडावं म्हणूनच मी गेले होते.

“अय्या, तू होय! अगं, आधी कळवायचंस ना,” ती म्हणाली. “आज जरा गडबड आहे. पुढच्या वेळी फोन करून ये हं.”

“हो, करीन,” मी म्हटलं.

इतकं गोड ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.