आधी हूं म्हणा

"हा विषय तुम्हाला जड जाईल," प्राध्यापक म्हणाले. "भारतातलं काहीतरी घ्या ना."

असा राग आला मला! सहाशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कविता. यात्रेकरू घोड्यांवरून तीर्थाला निघालेत आणि वाटेत आळीपाळीनं गोष्टी सांगताहेत. पुण्यात एम.ए.ला तिची मी पारायणं केली होती. नवऱ्याच्या नोकरीपायी जर्मनीत एश्बॉर्नला आले, दोन वर्षं जर्मन घोकली, फ्रांकफुर्टच्या विद्यापीठात पुन्हा बाकावर बसले, ते काय 'भारतातलं काहीतरी' घ्यायला? "या जर्मन मुलांना विचारलंत का, इंग्लंडची कविता झेपेल का म्हणून?" मी तोंडावर म्हटलं. मग ते म्हणाले, "बरं. वर्गासमोर रेफेराट द्या, तासभर बोला. जमलं तर प्रबंध याच विषयावर."

त्या उन्हाळ्यात सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. त्या घेवडा मोडत बसायच्या आणि मी कवितेतली एकेक गोष्ट मराठीत सांगून तालीम करायचे. हूं म्हणणारं कुणी नसेल तर गोष्ट सांगू नये, हे त्यांचं शास्त्र. शिवाय मध्येच वाद घालायच्या. हे रोज चाललेलं असताना एकदा डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, कवितेतले यात्रेकरूही हेच तर करतात! माझा रेफेराट मी त्यावरच उभा केला.

"मी पण येते," रेफेराटच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, सगळं इंग्रजीत आहे."

"असू दे. गोष्टी माझ्यासमोरच घोटल्यास ना?"

साडीवर लेकाचं जाकीट चढवून त्या शेवटच्या बाकावर बसल्या.

मी कोल्हा आणि कोंबड्याच्या गोष्टीपासून सुरुवात केली. कोल्ह्यानं कोंबड्याची मान धरली, आणि समोर सगळ्या माना वहीत. जर्मन वर्गात मध्ये कुणी हूं की चूं करत नाही, शेवटी टाळ्यांऐवजी बाकावर बोटं वाजवतात. हे मला ठाऊक होतं, तरी त्या शांततेत मी अडखळले. पुढचं वाक्यच आठवेना. प्राध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं. गेला विषय हातचा, मला वाटलं.

"हूं!" मागून खणखणीत आवाज आला. सगळा वर्ग वळला. शब्द आईंना कळत नव्हते, पण मी हातांनी केलेली कोंबड्याची फडफड त्यांनी बरोबर ओळखली होती. "पुढं?"

"पाहुण्यांनी कृपया शांत बसावं," प्राध्यापक म्हणाले.

"नाही बसणार," मी म्हटलं. "त्या माझ्या सासूबाई आहेत. या कवितेत ऐकणारे मध्ये बोलतात, भांडतात, आवडली नाही तर गोष्ट बंद पाडतात. तिथं ऐकणाऱ्यांना कुणी शांत बसवलंय? त्या गप्प बसल्या तर माझा रेफेराट इथंच संपला."

प्राध्यापकांनी समोरचं पुस्तक उघडलं. पानं उलटली, परत उलटली. मग चष्मा काढला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढं चला."

मी हलले नाही. "आधी हूं म्हणा."

कुणीतरी खुदकन हसलं. प्राध्यापक लालेलाल झाले आणि पुटपुटले, "हूं."

"जरा मोठ्यानं," आई मागून म्हणाल्या.

तास संपल्यावर प्राध्यापकांनी प्रबंधाच्या अर्जावर सही केली. विषय मी घरूनच शाईनं लिहून आणला होता.