चांदणीचा ब्रीडर

स्टड फार्मवर नोकरी केली की किस्से लिदीसारखे साठतात. आज उचला, उद्या पुन्हा तेवढेच! बोईसरजवळ बेटेगावच्या एका फार्मवर मी सुपरवायझर आहे. आमच्याकडे शर्यतीचे घोडे पैदा होतात. किस्से ऐकून लोक हसतात. मला अजून संताप येतो.

*

आमचे शेट मुंबईचे. फार्मवर आले की नाकाला रुमाल! एकदा बोईसरच्या केमिकल कारखान्यांकडून घाण वारा आला, तर घोड्यांचं सगळं बघणाऱ्या लहानूवरच ओरडले, “आंघोळ घालत नाहीस का रे यांना?”

“रोज घालतो शेट. वाऱ्याला कशी घालू?”

*

राज्यात जन्मलेला घोडा शर्यत जिंकला की त्याच्या ब्रीडरला वेगळे पैसे मिळतात. ब्रीडर म्हणजे जन्माच्या वेळी आई ज्याच्या मालकीची, तो. शेटनी हे आम्हाला खुर्चीत बसून समजावलं. “म्हणजे ब्रीडर मी!”

शिंगरं ओढून बाहेर काढणारा लहानू म्हणाला, “मंग आमी कोन?”

“स्टाफ!”

*

त्याच पैशांसाठी शेटनी गुजरातेत चांदणी नावाची घोडी घेतली. गाभण, दिवस भरलेली! शिंगरू महाराष्ट्रात जन्मायला हवं म्हणून तिला तशीच ट्रकमध्ये चढवली, सोबत लहानू आणि मी. वाटेत कळा सुरू झाल्या. मी फोन केला, डॉक्टर बोलावू का?

“डॉक्टर नंतर! आधी बॉर्डर ओलांडा. तोवर थांबव तिला!”

लहानूने माझ्या हातातला फोन ओढला. “शेट, घोडीला बोर्ड वाचता येत नाय!”

बिचारीने बॉर्डर ओलांडेपर्यंत दम धरला. तलासरीला ट्रकमध्येच व्याली. लहानू होता म्हणून दोघं वाचली. मी तिला खिशातला गूळ भरवला आणि तेव्हापासून ती माझा खिसा हुंगायला लागली.

*

ते शिंगरू मोठं होऊन शर्यत जिंकलं. शेटना ब्रीडरचे पैसे मिळाले, वर ढाल. आम्हाला पेढे, माणशी अर्धा!

लहानू म्हणाला, “मला काय नको शेट. फक्त चांदणीला विकू नका. हितंच म्हातारी होऊ दे.”

शेटनी तिच्या मानेवर हात ठेवून फोटो काढून घेतला. “अरे, घरची लक्ष्मी कोणी विकतं का!”

पुढे ती गाभण राहीना. लहानू गावी भातलावणीला गेला होता, तेवढ्यात लक्ष्मी विकली! परत आल्यावर त्याने तिची रिकामी जागा झाडून काढली आणि निघून गेला. पुन्हा आला नाही.

*

गेल्या हिवाळ्यात शेट नातवाला घेऊन केळव्याच्या किनाऱ्यावर आले. मलाही बोलावलं, उन्हात छत्री धरायला! नातवाला घोड्यावर बसायचं होतं. घोडेवाल्याने एक घोडी पुढे आणली. बरगड्या वर आलेल्या, गळ्यात प्लॅस्टिकची फुलं.

“शंभर रुपये, शेट.”

“या मरतुकडीचे? पन्नास देईन!”

तेवढ्यात घोडीने माझ्या खिशात तोंड खुपसलं. शेट खदाखदा हसले.

“ओळखते की काय रे तुला?”

“हो शेट,” मी म्हणालो. “एकाच ब्रीडरकडे होतो आम्ही.”