उपाशी वाकळ

मिरजेला गाडी बदलली आणि बेळगाव, लोंढा करत अळनावर आलं, तेव्हा मी खिडकीतून तोंड फिरवून बसले. या स्टेशनापासून तासभर चाललं की माझं आजोळ. लहानपणी इथे आजी माझी वेणी ओढून म्हणायची, "ऊठ गं झोपाळू, गाव पळालं बघ!" आता उतरून कुणाकडे जायचं? आमचं तिथे कुणी उरलं नव्हतं. आजी गेल्याची तार पुण्याला पोचेपर्यंत हुबळीच्या मामीने तिची माती उरकलीसुद्धा होती. मग मी चालले होते कशाला? वाकळ आणायला.

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर घालून हाताने शिवलेलं पांघरूण. तिकडे कन्नडात तिला कौदी म्हणतात. एका गोधडीसाठी कुणी पुण्याहून हुबळी गाठतं का, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. छप्पन साली आमचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्याच साली मला जन्म देऊन माझी आई गेली. बापाने दुसरा संसार मांडला आणि मी आजीच्या पदरात पडले. आईचा फोटो नाही, मणीसुद्धा नाही. होतं ते एक हिरवं इरकली लुगडं. ते आजीने कापून स्वतःच्या वाकळेच्या मधोमध बसवलं होतं. त्या हिरव्या चौकोनावर गाल ठेवून मी वाढले. माझ्या वाट्याला आई आली ती एवढीच, वीतभर.

हुबळीला उतरले तर ऊन डोळ्यांत घुसत होतं. टांगेवाल्याने "बर्री अक्का, बर्री" (या ताई, या) करत माझी पिशवी आधीच उचलून ठेवली, म्हणजे घासाघीस करायची सोयच नाही. कोप्पीकर रोडवर दुकानांच्या पाट्या वाचत गेले. यातल्याच एका कापड दुकानात मामा गठ्ठे उचलायचा. तो आजीच्याही आधी गेला. कमरीपेठेत एका लोहाराच्या दुकानामागे मामीची खोली आहे. दिवसभर ठणठण चालते, आणि शेवटची चार वर्षं आजी त्या ठणठणाटातच पडून होती. जिचा जन्म भातखाचरात वाकून गेला, तिला शेवटी चिखलाचा वाससुद्धा मिळाला नाही.

मामी दारातच गळ्यात पडली. "आलीस व्हय गं सुमे? ऊटा आत?" (जेवलीस का?) मी नाही म्हटलं. तिने गरम भाकरी, शेंगाचटणी आणि एण्णगायी (भरली वांगी) वाढली. आजीला आवडायची तशी, तिखटजाळ. मी जेवले. लाज वाटावी इतकी जेवले. मग हात धुऊन विचारलं, "मामी, आजीची वाकळ कुठाय?"

मामीने माझं ताट उचललं. मग म्हणाली, "तिच्यासंगं गेली की गं."

"गेली म्हणजे?"

"थंडीनं लई कापायची म्हातारी. मला वाटलं, मातीत गार लागंल तिला. मीच गुंडाळली. गावच्या मातीत टेम्पोतनं नेली, त्या वाकळेसकट." तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "का गं? चुकलं व्हय माझं?"

काय सांगणार होते? मामी लग्न होऊन आली तेव्हा मी चांगली शाळेत जात होते. त्या हिरव्या चौकोनाचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी कुडकुडणाऱ्या सासूच्या अंगावरून तो कापून काढ म्हणून कुठल्या तोंडाने म्हणणार? "नाही गं, बरं केलंस," म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले. बाहेर लोहार ठोकत होता, ते एक बरं होतं.

संध्याकाळी मामीने ट्रंकेतून दुसरी वाकळ काढली. "ही तुझ्यासाठी शिवत होती. पोट तेवढं ऱ्हायलं."

आता पोट म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे वाकळ शिवताना मधोमध एक ठिगळ तीनच बाजूंनी टाचतात. ज्याला वाकळ द्यायची तो समोर बसला की त्या खिशात भाकरीचा तुकडा घालायचा आणि चौथी बाजू शिवून टाकायची. वाकळ जेवली. आता ती पांघरणाऱ्याला उपाशी ठेवणार नाही. पण जिने पहिला टाका घातला, तिनेच शेवटचा घालायचा. आणि पोट न शिवलेली वाकळ थंडीने मरायची वेळ आली तरी कुणी अंगावर घेत नाही.

आजीने शेकडो घरांच्या वाकळा जेवू घातल्या असतील. पावसात लावणी संपली की शेर-दोन शेर भातावर ती लोकांच्या चिंध्या घेऊन बसायची. बाजारात कन्नड, भांडताना मराठी आणि म्हशीशी दोन्ही. घरची वाकळ असली की टाका घालताना प्रत्येक चिंधीचा वंश सांगायची: हे तुझ्या आज्याचं धोतर, हा मामाचा सदरा, ही तू पहिलीत फाडलेली परकराची झालर. मी चिडायचे, "पुरे की गं आजी!" आता मी ती वाकळ जमिनीवर पसरून एकेक ठिगळ बघितलं. धोतर होतं, सदरा होता, माझी झालर होती. आईचं काही नव्हतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

मग उघड्या पोटात बोट घातलं. आत, थरांच्या खाली, हिरवं काहीतरी दिसलं.

"मामी, हे आईच्या लुगड्यातलं का गं?"

"मी कशी सांगू? तुझ्या आईला मी बघितलेलंच नाही." मग तिलाच आठवलं, "पारव्वा सांगंल. म्हातारीच्या जोडीची गावात ती एकटीच उरलीय, दोघी मिळून शिवायच्या."

दुसऱ्या दिवशी वाकळ काखोटीला मारून बस धरली. रायापूरला बस बंद पडली. ड्रायव्हर खाली वाकून इंजिनाला कन्नडात शिव्या देत होता. मी गिरमिट (कांदा-चिंच घातलेले चुरमुरे) घेतलं आणि झाडाखाली बसले. शेजारच्या बाईने गाठोड्याकडे बघून विचारलं, "कुणाकडं निघालाय अक्का?"

"आजीकडे."

"नशीबवान हाय म्हातारी. नात पांघरूण घेऊन निघालीय."

हो म्हणाले. गिरमिटाचा पुडा तिच्यापुढे धरला.

गावी आधी आजीकडे गेले. पाणंदीच्या कडेला दगड रचलेला ढिगारा, त्यावर गवत उगवायला लागलेलं. त्याच्या खाली आजी, आजीच्या अंगावर वाकळ, वाकळेत माझी आई. दोघी एका पांघरुणात, आणि मी वर उभी. मला मामीचा राग नव्हता. मला आजीचा राग आला. सगळ्या चिंध्यांची नावं सांगणाऱ्या बाईने या एका हिरव्याचं नाव सांगायला थांबायला नको होतं का? तिथेच ओरडले, "आजी, कुणाचं गं हे?" बांधावरच्या म्हशीने मान वळवून बघितलं तेवढंच.

पारव्वा अंगणात बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, दोन्ही डोळे दुधासारखे. मला आवाजावरून ओळखलं आणि माझं तोंड हाताने चाचपलं. मी तिचं बोट धरून वाकळेच्या पोटात घातलं. तिने बराच वेळ कापड चोळलं.

"इरकलच हाय. जुनं."

"हिरवं आहे, पारव्वा. आईचं का?"

"हिरवं?" ती हसली, मग हसू विरलं. "लेकरा, हिरवं तवा सगळ्यांच्याकडं होतं. तुझ्या आईचं, तुझ्या आज्जीचं, माझं. एका बाजारातनं घेतलेलं. हाताला कसं कळावं कुणाचं ते? तिला ठावं होतं."

"मग पोट तरी शिवून दे."

तिने हात मागे घेतला. "माझा टाका न्हवं तो. तिचा हात आण, शिवते."

परतीच्या गाडीत लोंढ्यापासून बोचरं वारं सुटलं. समोरच्या बाई म्हणाल्या, "अहो, मांडीवर एवढी जाड वाकळ आहे, घ्या की अंगावर." मी म्हटलं, "उपाशी आहे ती." त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पुण्याला येऊन मी एकदा भाकरी थापली, तुकडा मोडला, सुईत दोरा ओवला. पोट शिवलं तर ते हिरवं कायमचं झाकलं जाणार. नाही शिवलं तर वाकळ जन्मभर उपाशी. भाकरी हातातच गार झाली. प्रवासाला निघताना मला आईची वीतभर ओळख हवी होती. परतल्यावर कळलं की ती ओळख त्या चौकोनात नव्हतीच, ती आजीच्या तोंडात होती, आणि तोंडात माती पडली. वाकळ पलंगाच्या पायथ्याशी घडी करून ठेवली आहे. थंडीत मी विकतची रजई घेते. झोपण्याआधी पोटात बोट घालून बघते. हाताला कापड लागतं.