कुठली रेजिमेंट?

आप्पांची उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेली आणि बर्फातल्या ड्यूटीने त्यांचा गुडघा कायमचा धरला. बेंगळुरूत हेब्बाळला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नाही. महिनाभर ते फिरायला खाली उतरले नव्हते. म्हणून तळमजल्याचं घर शोधणं हा माझा रविवारचा धंदा झाला होता, आणि सरळच सांगते, त्याचा मला वीट आला होता.

आप्पांच्या रेजिमेंटला नाव आमच्या जातीचंच. तिथे सगळे एका पंगतीत जेवले, त्यामुळे ते नाव त्यांना मेडलसारखं वाटतं. घरमालकाला मात्र ते ऐकल्यावर पुढे काही विचारावं लागत नाही. दोन घरं तशीच गेली होती.

बसवनगुडीला जाताना रिक्षात मी म्हटलं, "आप्पा, निस्तं आर्मी म्हणा."

"का गं? चोरी केलीया का मी?"

तिथले मालक पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे, पण घरात मराठी. माझं बोलणं ऐकून खुललेच. "या अक्का, स्वल्प बसा. आपलीच माणसं!" कॉफी आली. फौजी भाडेकरू मिळणं भाग्याचं, असं म्हणत त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग सहज विचारलं, "कुठली रेजिमेंट?"

आप्पांनी ताठ बसून नाव सांगितलं.

"सरी, बरं," म्हणत मालकांनी किल्ल्या उचलल्या. मुलगा परदेशातून परत येणार आहे, हे त्यांना तेवढ्यात आठवलं. निरोप द्यायला ते फाटकापर्यंत आले आणि वर आप्पांना सॅल्यूट ठोकला. आप्पांनीही ठोकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडायचं त्राण नव्हतं. परतल्यावर तिसरा मजला चढायला आप्पांना फार वेळ लागला.

पुढच्या रविवारी त्याच भागात दुसरं घर पाहिलं. मी त्यांना काहीच बजावलं नाही, मीच थकले होते. मालकीणबाईंनी कॉफी दिली आणि तेच विचारलं. आप्पांनी फरशीकडे पाहिलं.

"तोफखाना," ते म्हणाले.

त्याच दिवशी किल्ल्या मिळाल्या. घर मलाच हवं होतं.

आता आप्पा रोज संध्याकाळी फिरायला जातात. गल्लीतली माणसं त्यांना 'तोफखाना अंकल' म्हणून हाक मारतात. आप्पा ओ देतात.