रेघेवर नातं लिहा

माझ्या आत्याला माणूस दिसला की त्याचं नातं काढल्याशिवाय चैन पडत नसे. ती सीताबर्डीला साडी घ्यायला जायची आणि साडीऐवजी दुकानदाराची चुलतसासू होऊन परत यायची. माझ्या आईबाबांचं लग्नही तिनंच जमवलेलं, त्यामुळे आमच्या घरात तिच्या शब्दावर अपील नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी समाजशास्त्रात एम.ए. करत होते. आमचे सर फळ्यावर माणसांचे ठिपके काढत आणि कोण कोणाच्या जवळचं ते रेघांनी जोडत. वर बजावत, "नुसती रेघ मुकी असते. तिच्यावर नातं लिहा, मग ती बोलते." परीक्षेपलीकडे याचा काही उपयोग असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग मौद्याचं स्थळ आलं. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा नागपुरात कारकून, घरी धानाची शेती. मला स्वयंपाक येतो का, असं मामांनी विचारलं, तर मुलगाच मध्ये बोलला, "मले येते नं मामा, त्यायले काहून विचारता?" माझं तर तिथंच ठरलं.

तेवढ्यात आत्यानं मुलाच्या आईला माहेर विचारलं. रामटेक म्हणताच ती पुढे सरकून बसली. आजीपर्यंत पोचायला तिला फार वेळ लागला नाही.

"अवं माय! तुमची आजी अन् आमच्या वहिनीची आजी सख्ख्या बहिणी! म्हंजे तुम्ही दोघी बहिणी. हा तर पोरीचा मावसभाऊ लागते!"

संपलं. आतेभाऊ किंवा मामेभाऊ निघाला असता तर आमच्याकडे उलट दुधात साखर. मावसभाऊ म्हणजे भाऊच. मामांनी सुस्कारा सोडला. आत्याला मात्र स्थळ मोडल्याचं काडीचंही दुःख नव्हतं, भाचा सापडल्याचाच आनंद. स्थळ म्हणून आलेल्यांची चहा-चिवड्यावर बोळवण झाली असती. आता घरचे झाले म्हणून जेवणाचा आग्रह सुरू झाला. "तबक आण वं पोरी, भावाले ओवाळ," असंही ती म्हणाली. तबक सापडत नाही, असं मी सांगितलं. ते समोरच होतं.

बाहेर पुरुषांची पंगत बसली. मुलाची आई हातभार लावायला आत आली. मी इतकी चिडले होते की माझी एकही पोळी गोल होईना. शेवटी लाटणं ठेवलं आणि परातीतल्या कोरड्या पिठात बोटानं ठिपके काढून रेघांनी जोडायला लागले. पाहुणीला माहेरचं एकेक माणूस विचारत गेले. तिची काकू कुठली हे कळलं आणि माझं बोट थांबलं. ती काकू बाबांची सख्खी मावशी होती, म्हणजे आत्याचीही! आज्यांच्या नादात आत्या तिला ओलांडून गेली होती.

"आत्या, इकडं पाय. यायची काकू बाबांची मावशी. म्हंजे या बाबांच्या बहीण झाल्या, माझ्या आत्या. अन् तो माझा आतेभाऊ."

"अन् थे वहिनीकडचं मावशीपण?" आत्या सहजासहजी हरणारी नव्हती.

"थे बी खरं धर. मंग या आईच्याही बहीण अन् बाबांच्याही बहीण. आता सांग, आई अन् बाबा एकमेकांचे कोण?"

आत्या परातीवर वाकली. तिचं बोट एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर गेलं आणि तिथंच राहिलं. तव्यावरची पोळी करपायला लागली.

"बाई बाई," आई म्हणाली, "इतक्या वर्षांनी आता मी यायले राखी बांधू का?"

"अन् हे लग्न जमवलं कोणं?" मी विचारलं.

आत्यानं तळहातानं आईकडची रेघ पुसून टाकली. "जुन्या आज्या. इतकं लांबचं कोण धरते?" मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "पण तू एवढी खटपट काहून करून राहिली वं?"

काहीतरी थाप मारता आली असती. पण राग अजून उतरला नव्हता आणि रडूही येत होतं.

"मले तो आवडला म्हणून!" मी म्हणाले, आणि तेही चार घरं ऐकतील एवढ्या मोठ्यानं.

बाहेर पंगतीत एकाला जोराचा ठसका लागला. पाणी घेऊन मी गेले. आत्यानं अडवलं नाही.