फेरेटला नापास, पुतणीला पास

अन्याय झाला तो चिपळूणजवळच्या एका दोन वर्षांच्या मुलीवर. गेल्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, इथे आखातात, उम्म अल हस्सम भागातल्या खेळण्यांच्या दुकानात, माझ्यादेखत. करणारा तिचा सख्खा काका.

हा आमचा शेजारी, एका इंग्रज साहेबाचा ड्रायव्हर. साहेबाने फेरेट पाळलाय, मुंगसासारखा लांबुडका प्राणी, आणि त्याची खेळणी हाच निवडतो. काय ती निवड! रबर नखाने टोचतो, शिवण ओढतो. "मऊ रबर मफी, अजिबात नको! तुकडा गिळलान तर आतडं अडकेल."

त्या दिवशी कापडी अस्वलाचा डोळा त्याच्या हातात आला. "खलास, नापास," म्हणाला. आणि डोळा जागेवर दाबून अस्वल आपल्या पिशवीत टाकलं.

"हे कुणाला?"

"पुतणीला. रजेवर जायचंय, बॅग भरायला नको?"

"अहो, तीही गिळेल की!"

"ती काय फेरेट आहे? आपली पोरं माती खाऊन वाढतात, ताई."

माणूस दुष्ट नाही. पुतणीच्या बोबड्या बोलांची कॅसेट तो गाडीत रोज लावतो, आणि ऐकताना स्पीड कमी करतो.

तुमचीही रजा जवळ आली असेल. बॅग उघडा. साहेबाच्या जनावराला जे दिलं नसतंत, पण घरच्या लेकरांसाठी भरलंत, ते आजच बाहेर काढून फेका.